वाफ

रॉटरडॅमहून नऊ वर्षांनी टेमाला परतला एलिकेम,
कोकोच्या कारखान्यात, भाजणीच्या विभागात.
पहिल्याच सोमवारी त्यानं पडद्यावर दाखवलं
वाया जाणारी वाफ पुन्हा कशी फिरवायची ते.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
वाफ जात राहिली.

रात्री तो मारायकेला लिहायचा, तिकडच्या शेजारच्या टेबलावरची.
ती आकडे पाठवायची, दशांशासकट.
त्या आकड्यांची इथे कुणाशी ओळख नव्हती.

मग दुपारच्या सुट्टीत तो फाटकाबाहेर बसू लागला,
पानात चवळीभात बांधून देणाऱ्या कोर्कोरच्या बाकावर,
सोंगट्यांच्या पटावर रोज हरत.
अकराव्या दिवशी बॉयलरवाला टेटे
सोंगटी हातातच धरून म्हणाला,
"तुझा पाइप उजवीकडून ने.
डावीकडच्या भिंतीला पावसाळ्यात घाम फुटतो.
झडप माझा भाचा करून देईल."

त्या रात्री त्यानं मारायकेला विचारलं,
भिंतीला घाम फुटत असेल तर?
ती बराच वेळ टाइप करत होती.
पुसत होती.

आता वाफ फिरते.
अहवालात नाव एकच आहे, एलिकेमचं.
टेटे त्याला अजूनही हरवतो,
फक्त हल्ली सोंगटी
जरा जोरात आपटतो.