वरचा डावीकडचा सुळा

अक्सब्रिजला मेट्रोपॉलिटन लाइन संपते.
गाडी पुढे जात नाही, तिथूनच मागे फिरते.
काउली रोडवर, डॉ. पेनहॅलोच्या दवाखान्यामागे
माझी खोली: प्लास्टर, मेण, बर्नरची निळी ज्योत
आणि फळीवर ओठ नसलेले जबडे.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत तो म्हणाला,
"कॅन," (खांडेपारकर त्याच्या तोंडात मावत नसे)
"एक सुळा हवाय. सोन्याचा. खऱ्यावर चढेल, निघेल असा.
स्टुडिओला. शुक्रवारपर्यंत.
कुणाचा ते विचारू नकोस."
मी विचारलं नाही.
साचा पाकिटातून आला, पाकिटावर नाव नाही.
दात पाकिटातून गेला, पाकिटावर नाव नाही.
त्याने किती घेतले देव जाणे,
माझ्या हातावर अठरा पौंड.

पितळ होतं ते. वर नुसता मुलामा.
एवढं गुपित मात्र माझं.

ऑक्टोबरात कालिंदीला घेऊन बघायला गेलो.
नायक आला, त्याचा सूट आला, त्याची गाडी आली.
मी वाट बघत होतो माझ्या दाताची.

सतराव्या मिनिटाला आला.
माशांच्या टाकीशेजारचं टेबल, पांढरा कोट,
पिस्त्यांची टरफलं एकात एक रचतोय.
कुठल्या देशाचा, सिनेमाने सांगितलं नाही.
टोपी एका गावची, शिवी दुसऱ्या.
रॉकेटच्या नकाशाचे दोन्ही भाव त्याला पाठ,
घ्यायचा आणि द्यायचा.
रॉकेट कुणावर पडणार, ते नाही.
"माल माझा नाही," तो म्हणाला, "भांडण माझं नाही.
मी नुसता इकडचं तिकडे करतो."
आणि हसला.
अंधारात मी कालिंदीचा हात दाबला: तो बघ!

तेविसाव्या मिनिटाला त्याला तलावात ढकललं.
कुणी ढकललं हे कळायच्या आत
नायक जिना उतरून दुसऱ्या देशात पोचला होता.
मोठ्या खलनायकाला एक अख्खं बेट मिळालं,
लहानपणीचं दुःख मिळालं, मरताना भाषण मिळालं.
ह्याला सहा मिनिटं.

"त्याच्या घरी कुणी कळवलं असेल का?"
कालिंदीने बसमध्ये विचारलं.
घर कुठलं त्याला, मी म्हणालो.
"मग उरलेले पिस्ते खिशात कुणासाठी घातले?"
मी पाहिलंच नव्हतं.
मी दात बघत होतो.

शहाण्णव साली नव्या डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं,
एका म्हाताऱ्याच्या दाताचा रंग जुळवायला.
एरवी मला माणसं दिसत नाहीत, साचेच येतात.
कार्डावर: इमॅन्युएल बुहाजर, जन्म माल्टा,
राहणार हेज, धंदा: पूर्वी नट.
त्याने आ केला.
वरचा डावीकडचा, जरासा आत वळलेला.
डोळ्यांआधी माझ्या बोटांनी ओळखला.

"तुम्ही केला होतात तो?" म्हातारा उठून बसला.
"पितळ होतं. दिवसभर जिभेला चव यायची."

अकरा सिनेमांत अकरा वेळा मेलो, म्हणाला.
लिफ्टमध्ये, सॉनामध्ये, एकदा स्वतःच्याच सुटकेसने.
पण मुख्य खलनायकाला कधी भेटलो नाही.
त्याचं काम तिकडे उन्हात, माझं इथे, बुधवारी.
तलावात ढकलणारा हातसुद्धा सेटवरच्या सुताराचा,
बाकी सगळे जेवायला गेले होते.
"आणि दात स्टुडिओत कुणी आणला?" त्याने विचारलं.
ते मलाही ठाऊक नव्हतं.
दोघंही थोडा वेळ गप्प बसलो,
दोन्ही टोकं न पाहिलेली माणसं.

मग मी पिस्त्यांचं विचारलं.

"ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं," तो म्हणाला.
"धाकटी घरी होती. तिला आवडायचे."

मी रंग लिहून घेतला: ए तीन, कडेला पिवळट.
संध्याकाळी घरी जायची बस रिकामी होती.
कालिंदी असती तर नुसतं म्हणाली असती,
बघ.