अस्सलबरहुकूम

पोरीच्या जात पडताळणीला वंशावळ लागते,
वंशावळीला जुना कागद,
आणि जुना कागद हवा तर सोमवारी अर्ज.
मी तीन सोमवार आमचंच नाव चुकीचं लिहीत होतो.

कुडक्याल. सूचीत नाही.
चौथ्या सोमवारी खिडकीतल्या बेन्नूरबाई
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"तुमचं आडनाव मराठी कानानं ऐका की हो एकदा."
ऐकलं. मग सापडत गेलो :
कुडकेल, कुडीकल, गुडक्याळ,
एका पानावर नुसताच कु, पुढं शाईचा डाग.
तेलंगणातून पायी आलेलं नाव
दर कारकुनाच्या टाकाखाली थोडं थोडं लंगडत गेलेलं.

मृत्युपत्र, सन एकोणीसशे बत्तीस.
"मी इरय्या बिन राजय्या, उमर अदमासे साठ,
धंदा मागाचा, राहणार साखर पेठ,
पूर्ण शुद्धीवर असून लिहून ठेवतो की"
आणि पुढं दीड पानात पणजोबाचा सगळा संसार.
खड्डेमाग तीन, पैकी एक मोडका.
तांब्याचा बंब, झाकण नाही.
फण्या आठ, धोटे अकरा.
सूतवाल्या शेटजीकडून येणे रुपये चौदा,
"येतील असे वाटत नाही."

हे शेवटचं वाक्य कायद्याचं नाही.
ते त्याचं आहे.
फायलींच्या धुळीत मी एकटाच हसलो,
शिपायानं वळून पाहिलं.

थोरल्या राजलिंगमला पहिला माग,
धाकट्या अंबय्याला दुसरा,
आणि मोडका माग
"घरात राहणारी बाई हिला, हयातीपर्यंत."

बंबाला झाकण नाही हे लिहायला जागा होती.

वडील सांगायचे, आपण राजलिंगमचे.
पण राजलिंगम निपुत्रिक वारला, तसा दाखला निघाला.
अंबय्या माग विकून भिवंडीला गेला
आणि कागदांतूनही गेला.
मग आम्ही कुणाचे?
दोन सोमवार मी कचेरीत गेलोच नाही.
अशोक चौकात चहा पीत उभा राहायचो,
पॉवरलूमचा खडखडाट अंगातून जाऊ देत.

नंतर बेन्नूरबाईंनीच फोन केला,
"आणखी एक निघालंय. पण कु-मध्ये नाही. ल-मध्ये बघा."

सन एकावन्न.
"मी लक्ष्मव्वा भ्रतार", पुढं एक रेघ,
रेघेवर काहीच नाही.
"धंदा घरकाम."
घरकाम खोडलंय.
समासात वेगळ्या शाईत : मागाचा.
आणि खाडाखोड तिनंच करवली याची खूण म्हणून
डाव्या हाताचा अंगठा,
एवढा दाबून, की रेषाच उमटल्या नाहीत,
नुसता काळा गोळा.

लेखनिकाला ती काय म्हणाली असेल?
तेलुगूत म्हणाली असेल. मराठीत तेवढा एक शब्द आला.

माग दोन, दोन्ही चालू.
बंब एक, झाकणासह.
"हे सर्व माझा मुलगा नारायण याचे."
नारायण म्हणजे माझे आजोबा.
बापाचं नाव तिनं सांगितलं नाही,
किंवा सांगितलं आणि लेखनिकानं घेतलं नाही,
किंवा ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना माहीत होतं.
आणि अगदी तळाशी, सहीच्या वर, दाटीवाटीनं :
"सूतवाल्याकडील जुने येणे रुपये चौदा वसूल. व्याज सोडले."

नक्कल फी वीस रुपये.
बेन्नूरबाईंनी शिक्का मारला, फुंकर घातली,
कागद उलटा धरून विचारलं,
"सापडले का पणजोबा?"
वंशावळीचा फॉर्म खिशात घडी घातलेला,
सगळ्यात वरचा चौकोन अजून कोरा,
खाली छापलेलं, पुरुष पूर्वजाचे नाव.

"सापडली," मी म्हणालो.