द्वारा

रात्री साडेनऊला रजिस्टर उघडते मी.
पालिकेच्या बंद पडलेल्या शाळेत आहे आमचा निवारा,
कुंभार वेशीकडून आत आलं की तिसरी गल्ली.
फळ्यावर अजून कुणाची तरी बाराखडी आहे, ढ पर्यंत.
तिच्याखाली सोळा गाद्या.
गाद्या, चादरी, ताटल्या, माणसं, सगळं मोजून घ्यायचं.
सोपं आहे. तेवीस वर्षं विड्या वळल्यात मी,
हजाराचा हिशोब बोटांना पाठ.

प्रत्येकाला विचारावं लागतं, आधार आहे का?
परवा एक म्हातारा म्हणाला,
होता, मागच्या पौषात गेला.
मी मान खाली घालून लिहिलं: नाही.

राजमणी बोद्धूल आली
तेव्हा गड्ड्यातले पाळणे उतरवत होते.
दोन मुली, तेरा वर्षांचा मुलगा,
आणि पायडल तुटलेली शिलाई मशीन, चौघांनी मिळून उचललेली.
माग भंगारात गेले, मग नवरा भिवंडीला गेला,
फोन वाजतो त्याचा, उचलत नाही.
चार महिन्यांचं भाडं थकलं
तर मालकानं कुलूप नाही लावलं.
दारच काढून नेलं.
'तलुपु' म्हणाली ती. बाकी सगळं मराठीत सांगत होती,
तेवढा एक शब्द तेलुगूत आला.
आमच्याही घरात तोच शब्द. मला रकाना सापडेना.

नियम असा की बारा वर्षांवरचा मुलगा
बायकांच्या खोलीत चालत नाही.
नियम मी केला नाही,
वाचून दाखवायला मात्र मीच असते.
साईचरण काही बोलला नाही.
दफ्तर उचललं, उशी उचलली,
आणि आईच्या गादीपासून पुरुषांच्या खोलीपर्यंत
पावलं टाकली मोजून. मीही मोजली.
बावीस.

तिथे कोपऱ्यात सिद्धाराम असतो.
गड्ड्याच्या गर्दीत सापडला, म्हणून सिद्धाराम.
सापडल्याची तारीख हाच वाढदिवस.
अठरावा झाला, बालगृहात केक कापला,
दुसऱ्या दिवशी पेटी हातात दिली.
एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवतो,
महिनाअखेरीला खोली घेतो म्हणतो,
अशा पाच महिनाअखेरी झाल्या.
डिपॉझिट जमतं कसंबसं. मग घरमालक विचारतो,
घरचे कोण येणार बोलायला?

त्या रात्री त्यानं आपली दाराजवळची गादी पोराला दिली.
म्हणाला, इथनं आईच्या खोलीतला बल्ब दिसतोय बघ.
आणि पाठ करून झोपला.

गुरुवारी संस्थेच्या हत्तुरे मॅडम येतात.
पिशवीत अर्ज, शाळेच्या दाखल्याचे, रेशनचे,
शिकाऊ भरतीचे, भाड्याच्या मदतीचे.
एकदा त्यातून मशीनचं पायडल निघालं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
राजमणी ते मांडीवर घेऊन बसली कितीतरी वेळ.
सगळ्यांचं होत नाही. तिघांत एकाचं होतं,
तेही फेऱ्या मारून मारून.

आणि अर्ज कुठलाही असो, वरून दुसरी ओळ तीच.
निवाऱ्याचा पत्ता बँकेत चालत नाही.
तात्पुरता आहे, म्हणतो खिडकीतला मुलगा.
वाईट नाही तो, रकान्यापुढे त्याचंही चालत नाही.

म्हणून एका गुरुवारी, कुणाला न विचारता,
सिद्धारामच्या अर्जावर मी माझ्या अक्षरात लिहिलं,
द्वारा अनसूया श्रीमल,
साखर पेठ, दत्ताच्या देवळामागे, वरचा मजला.
मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, पुसला,
पुढचा अर्ज माझ्याकडे सरकवला.

आता पोस्टमन जिन्याखालून नावं पुकारतो.
सिद्धाराम! राजमणी बोद्धूल! शबाना नदाफ!
(शबाना केव्हाच पुण्याला गेली,
पत्र ठेवलंय मी डब्याखाली.)
खालून मालक विचारतात,
श्रीमलबाई, दोन खोल्यांत राहता तरी किती जण?

मी कठड्यावरून वाकते.
मोजून सांगते, म्हणते.