माप

रंगपंचमीचा रंग अजून होता तबेल्याच्या फरशीवर.
नवगिऱ्यांनी शिशाची पट्टी मेंदीच्या खांद्यावर वाकवली,
कागदावर रेघ उतरवली: एक चढ, एक लांब उतार.
"सहा आठवडे," म्हणाले. निम्मे पैसे आगाऊ.

सहाचे चौदा झाले.
कातडं कानपुरात अडलं, मग कारागीर गावी गेला,
मग फोनवर नुसती धारावीतली शिलाईयंत्रं
आणि एक पोरगा: "काका जेवायला गेलेत."
दुपारी चारला. रात्री नऊलाही.

मी महालक्ष्मीच्या रेतीत
उसन्या जीनवर घसरत राहिले, चिडत राहिले.
मेंदी कुणासाठी थांबली नाही.
तिचं वय झालं, पाठ बसली थोडी.
(माझीही.)

तुळशीचं लग्न लागल्यावर जीन आलं.
काय टाके! काय तो नव्या चामड्याचा वास!
खाली दोन बोटं घातली,
अख्खा पंजा गेला.

"हे तिचंच आहे काका. पण मार्चमधल्या तिचं."

ते बोलले नाहीत. खिशातून तीच रेघ काढली,
घडीवर फाटलेली, कापली, पाठीवर धरली.
कागद आणि घोडी यांच्या मधून
पलीकडची बादली दिसत होती.

त्याच बादलीवर, उलटी करून, ते बसले.
शिवण उसवली. लोकर मुठीमुठीनं आत,
हाताला विचारत, थांबत, पुन्हा आत.
"खोगीरभरती म्हणून हसतात लोक," म्हणाले,
"त्यांना कुठं पाठ असते घोड्याची."

मेंदी त्यांचा खिसा हुंगत होती.
उरलेल्या पैशांचा विषय
दोघांनीही काढला नाही.