चर

फॉकलंडला बोट येते महिन्यातून एकदा.
चौथ्या बोटीनं सील आलं,
अर्ध्या सुतानं मोठं.

मर्विन लँड रोव्हरखाली आडवा,
पोटावर व्हर्निअर, दाढीत तेल.
जुन्या सीलवरचा नंबर कधीच पुसलेला;
तो अंगठ्यानं चाचपून वाचू बघतो,
आठ की तीन.

"लोकर कातरायच्या यंत्रातलं काढ की,"
एडिथ आतूनच ओरडते.

बसलं.
जन्मापासून तिथलंच असल्यासारखं.

पण शाफ्टला साठ वर्षांचा चर पडलाय,
नव्या रबराची धार
नेमकी त्यातच उतरते.

सकाळी फरशीवर
एकच थेंब.

मर्विन एडिथची चांगली बशी
त्याखाली सरकवतो.
मग गाडी काढतो मेंढ्यांकडे.
बशी तिथंच,
वाट बघत.