कवडीपाट, डावीकडं

कवडीपाटला रविवारी सहाला पोचलं
तरी बंधाऱ्यावर जागा मिळत नाही हल्ली.
सोलापूर रस्ता सोडून आत वळलं
की आधी वास येतो, मग नदी.
शहरानं आठवडाभर जे जे सोडलं
ते इथं फेस होऊन खाली उतरतं,
आणि त्या फेसात लाल काटकुळ्या पायांवर
शेकाट्या उभा, इस्त्री करून आल्यासारखा.

घोटवडेकर म्हणायचा, नदीकडं बघू नकोस, पक्ष्याकडं बघ.
मग स्वतःच बघत बसायचा नदीकडं.

तीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत दावे तपासले.
कागदात काय आहे ते सोडून
काय नाही ते हुडकायचं, अशी नोकरी.
कॅमेरा घेतला बावन्नाव्या वर्षी, सेकंड हँड, हप्त्यावर.
ही म्हणाली, एवढ्यात फ्रिज आला असता.
आला असता. दोन दारांचा.

पहिल्यांदा शिकलो ते वगळायला.
थर्माकोलचा तुकडा येतोय, जरा उजवीकडं सरक.
गुडघ्यावर बस, म्हणजे दुधाच्या पिशव्या
गवताआड जातात.
लेन्स पूर्ण उघडी ठेव, मागचं सगळं विरघळतं,
वीटभट्टी, वाळत घातलेलं धुणं,
पलीकडच्या काठावर बसलेला माणूस.
असं करत करत सात वर्षांत
मी एक नदी तयार केली
जी पुण्यात कुठंच नाही.

तिला बक्षीसही मिळालं एकदा. उत्तेजनार्थ.
प्रदर्शनाला घोटवडेकर भोसरीहून थेट आला,
पहिली पाळी संपवून, हाताला ऑइलचा वास.
चष्मा कपाळावर चढवून, फोटोला नाक लावून म्हणाला,
वास तेवढा राहिला रे.

जानेवारीत तो गेला.
लेथ बंद केला आणि खाली बसला, एवढंच कळलं.
संध्याकाळी त्याच्या मुलीचा, मुक्ताचा, फोन:
काका, बाबांचा एखादा चांगला फोटो द्या ना,
तुमच्याकडं असणारच.

असणारच.
दोन हार्ड डिस्क, एक्केचाळीस हजार तीनशे सहा फोटो.
चक्रवाकाची जोडी, उतरताना, उडताना, पुन्हा उतरताना.
धोबी पक्ष्याच्या चोचीतला किडा,
किड्याचा पाय, पायावरचा केस.
तो नाही.
दर रविवारी माझ्या डाव्या कोपराला
त्याचं कोपर लागायचं.
शेजारी उभं राहिलेलं माणूस
फोटोत येत नाही.

पहाटे तीनला एक सापडला,
नापसंत म्हणून बाजूला टाकलेला.
तुतवार, तोही पाठमोरा, आणि खाली चिखलावर
आमच्या दोघांच्या सावल्या, थंडीतल्या, लांबच लांब.
एकीचं डोकं कॅमेऱ्यात.
दुसरीचा कॅमेरा गळ्यात लोंबतोय
आणि हात लांब करून ती काहीतरी दाखवतेय,
चौकटीच्या बाहेर.

काय दाखवत होता?
आठवत नाही.
मी बटण दाबत होतो.

दहाव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला.
त्यात सगळेच दिसतात तसा,
पकडून आणल्यासारखा.
बापाची सावली कशी पाठवायची कुणाला?
तरी बाराव्यानंतर पाठवली.
रात्री उशिरा मुक्ताचं उत्तर आलं:
हात बाबांचाच.

रविवारी जातो अजून.
कॅमेरा असतो बरोबर,
कधी पिशवीतून निघतो, कधी नाही.
नवी मुलं तोफांएवढ्या लेन्स लावून बसलेली,
काका, थोडं मागं, म्हणतात. होतो मागं.

परवा एक घेतला.
शेकाट्या, फेस, गुटख्याची पुडी,
पलीकडं कुणाचं तरी धुणं, त्यात एक शाळेचा शर्ट.
काहीच सरकवलं नाही.
फोटो वाईट आलाय, जरा हललाय पण.
आणि डावीकडं
उगाच जास्त जागा सुटलीय.