चालू मशीनमधे हात

दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल,
आणि मंगळवारी त्यात एक कॉम्प्युटर आला,
राजारामपुरीतून, जुना,
पोत्यात गुंडाळून, लुनाच्या पुढ्यात.

आदगोंडा मामांनी तो
फाउंड्रीतून कास्टिंग आलं की बघतात तसा
उलटापालटा करून बघितला,
नखानं वाजवला.
'पत्रा पातळ हाय.'

मागं भोकं. त्यातली दोन गोल, खेटून.
जांभळ्यात कीबोर्ड, हिरव्यात माऊस,
विकणाऱ्यानं दोनदा सांगितलेलं.
पण आधीच्या मालकाचे हातही ऑइलचेच असणार:
दोन्ही भोकं, दोन्ही पिना
वापरून टाकलेल्या कॉटन वेस्टच्या रंगाच्या.

'थांबा, मी बघतो.'
'तू बिलं बघ, वैजू.'
आणि टेबलामागं हात घातला,
तोंड माझ्याकडं, डोळे छताच्या पत्र्यावर.
बोअरच्या आत कुठं खरवड राहिलीय
हे या माणसाला गेज न लावता कळतं.
आत सहा टाचण्या, मधे एक चपटी खुंटी,
ती कुठल्या बाजूनं जाते
ते बोटांनी विचारत राहिले.
जोर नाही लावला.
फिट आपणहून बसतो, बसवावा लागला तर तो फिट नव्हे,
हे दस्तगीरला रोज ऐकावं लागतं.
एक बसला.
मग दुसरा.

स्क्रीनवर बाण. मेलेला.
कीबोर्ड ठोकला, काही नाही.
इकडची पिन तिकडं केली, काही नाही.
दस्तगीर म्हणाला, निपाणीत त्याच्या मेहुण्याचं असंच झालेलं,
शेवटी त्याच्यावर टीव्ही ठेवला.
दोन चहा झाले.
शेपर आपला पुढंमागं, पुढंमागं.

मीच मग, बिलावरची मान वर न करता,
'मामा, तुम्ही पिना घातल्या तेव्हा
चालूच होतं की ते.'

मामा बघतच राहिले माझ्याकडं.
शेडच्या दारावर त्यांनीच पेंटर बोलावून लिहून घेतलंय,
तांबड्यात: चालू मशीनमधे हात घालू नये.
नवीन पोरगं कामाला आलं की आधी ते वाचायला लावतात,
मग आपली उजवी तर्जनी दाखवतात,
म्हणजे तिचं जे उरलंय ते.
शहात्तर साल. आठ मिनिटांचं काम राहिलं होतं, म्हणतात.

उठले.
मेन पाडला.
कॉम्प्युटरचा नव्हे, अख्ख्या शेडचा.
शेपर थबकला, चक फिरत फिरत मंद झाला,
दस्तगीरच्या हातात अर्धा थ्रेड राहिला,
आणि शेजारच्या शेडमधलं ग्राइंडर
आमच्यात ऐकू यायला लागलं.
त्या अंधारात पिना काढल्या,
फुंकर मारली, परत घातल्या.
घाई नाही.
मेन वर.

बाण हलला.
'बघ,' मामा म्हणाले, 'आता ओळखलं.'

पण माऊसचं डावं बटण तर्जनीसाठी असतं.
मामांचं मधलं बोट उजव्यावर पडायचं,
दर वेळी एक लांबलचक यादी उघडायची.
'ही कोण मागतंय?' म्हणत ते परत दाबायचे,
परत यादी.
तिसऱ्या दिवशी त्यांनी माऊस माझ्याकडं सरकवला,
'डोळ्याला नंबर लागला बहुतेक.'

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी
सेटिंगमधे जाऊन दोन्ही बटणं उलटी केली.
कुणाला बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं शिव्या घातल्या,
ऑडिटरनं घातल्या,
मामांनी सकाळभरात अकरा कोटेशनं काढली
आणि म्हणाले, 'मशीन सेट व्हायला वेळ लागतोच.'

आता मी शाहूपुरीत, दुसऱ्यांच्या ऑफिसात.
माऊसला वायरही नाही,
चालू असतानाच जोडतात, ओळखतं लगेच.
तरी नवीन मशीन आलं की पहिला आठवडा
माझं मधलं बोट आधी पडतं,
ती यादी उघडते.
मी ती लगेच बंद करत नाही.